सुमाचं वाकडं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि सुमाला तर — नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेंगळुरूच्या एका मुलींच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकत होते, आणि थ्रोबॉलच्या संघातही होते. जाळीपलीकडून आलेला चेंडू झेलायचा आणि परत फेकायचा, एवढाच खेळ. पण आमच्यात कुणी कुणाशी बोलायचंच नाही. चेंडू दोघींच्या मधे पडायचा आणि दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. मग आमच्या खेळाच्या मॅडम दोघींना झाडायच्या, आणि सगळ्या आणखीच गप्प.

मी मॅडमना म्हटलं, रागावू नका, ओरडणारीला शाबासकी द्या. चांगलं वागल्यावर लगेच काहीतरी मिळालं की माणूस पुन्हा तसं वागतं — नुकतंच वर्गात शिकले होते ना. तर जी ‘नंदु’, म्हणजे कन्नडमधलं ‘माझा’, असं ओरडून चेंडू घेईल तिला तिथल्या तिथे चिक्कीचा तुकडा. चामराजपेटेतल्या दुकानातून मी डबा भरून न्यायची. काय सांगू, थोड्याच दिवसांत मैदान इतकं गाजायला लागलं की लायब्ररीतून तक्रार आली. आम्ही सामने जिंकू लागलो. मॅडम मला कौतुकानं ‘डॉक्टर’ म्हणू लागल्या.

आता खरं सांगू? मला चेंडूची भीती वाटायची. जोरात आला की डोळे आपोआप मिटायचे. बाकीच्यांनी ओरडून सगळे चेंडू घेतले तर माझ्यावर वेळच येणार नाही — डोक्यात एवढंच होतं. संघबिंघ नंतरचं. माझ्या शेजारी पहिल्या वर्षाची सुमा खेळायची. सगळ्यांत जास्त चिक्की मी तिलाच दिली. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

अंतिम सामन्यात एक चेंडू सरळ माझ्या अंगावर आला. मी हात उचललेच नाहीत. सुमा ओरडली, झेपावली, चेंडू झेलला — आणि हातावर पडली. बोट मोडलं. सामना आम्ही जिंकलो, पण मॅडम तिच्यावर कडाडल्या, “दुसरीचा चेंडू कशाला घ्यायचा? जरा हाव कमी कर.”

सुमा रडवेली होऊन मला म्हणाली, “सॉरी अक्का, तुझा होता तो.”

आणि मी? मी म्हणाले, “असू दे गं.” — चक्क माफ केलं मी तिला.

बोट वाकडंच बसलं. आमची मैत्री मात्र टिकली. परवा तिच्या घरी गेले होते, तर ते बोट नाचवत ती लेकीला हाच किस्सा सांगत होती. आपण किती हावरट होतो, आणि अक्का किती मोठ्या मनाची. लेक खूप हसली. सुमाही हसली. मीही हसले. मग सुमानं तव्यावरचा गरम डोसा माझ्या पानात वाढला, आणि मी तो खाल्ला.