शब्द गिळून गायलेलं गाणं

सावली गावाच्या बाजूला माझं सासर. लग्नानंतरच्या पहिल्याच रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, मी चुलतसासूच्या शेजारी वाकले. तिला सगळे मोठीबाई म्हणत. विधवा, काटकुळी बाई, पण आवाज असा खणखणीत की पलीकडच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या वाफ्यातले, बैल कान टवकारायचे.

आमच्याकडे रोवणा गाण्यावर चालतो. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झील धरायची आणि हात त्या तालावर चिखलात जायचे. मोठीबाईची बहुतेक गाणी तिचीच. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कागदावरून गेली होती, तरी तलावाचं पाणी आधी मालगुजाराच्याच बांध्यांना मिळे आणि आमचं धान वाळत राही. त्यावर तिनं त्या वर्षी नवं गाणं जुळवलं होतं. "तलाव खंदला माह्या बापानं, पानी काऊन तुह्या बांधीत?" आणि हे ती मालगुजाराच्याच शेतात, त्याच्याच मजुरीवर उभी राहून गायची! मला धडकी भरायची आणि मजाही वाटायची.

कुणीतरी चुगली केली. मालगुजाराचा दिवाणजी छत्री घेऊन शेताच्या कडेला धुऱ्यावर आला.

"मोठीबाई, हे गाणं उद्यापासून नाई पाह्यजे. गायचं असन त घरी बसून गाय."

तिचं पोट त्या मजुरीवर होतं. ती पुन्हा रोवायला वाकली.

दुसऱ्या दिवशी ती गप्पच. दिवाणजीनं दुसरीला गायला लावलं. तिनं देवाचं गाणं उचललं, पण झील कुणी धरली नाही. आम्ही काही ठरवलं नव्हतं, तोंडच उघडेना. हात रेंगाळले, उपटून ठेवलेले पऱ्हे, धानाची रोपं, उन्हात माना टाकू लागले. शेवटी दिवाणजीच कावला, "गा न वं मोठीबाई, काईतरी! फकस्त ते बोल नोको."

"बोल नाई म्हनत," ती म्हणाली.

आणि तिनं तीच चाल नुसत्या हुंकारात धरली. आम्ही सगळ्याजणी हूं हूं करत झील देऊ लागलो. शब्द आमच्या पोटात होते, आणि दिवाणजीलाही ते पाठ होते. तो छत्रीखाली लालबुंद होऊन उभा राहिला. मी वाकल्या वाकल्या हसत होते.

पाणी काही त्या वर्षी मिळालं नाही, खोटं कशाला सांगू. पण ती चाल गावभर झाली. कांडता-दळता बाया तीच गुणगुणायच्या. मोठीबाई मात्र खूश नव्हती. "चाल राह्यन, बोल जाईन," म्हणायची. "तू ध्यानात ठेवजो."

परवा माझी नात बाळाला मांडीवर घेऊन तीच चाल गुणगुणत होती. मी बोल विचारले.

"याले बोल नाई आजी. हे त झोपवाचं गाणं हाय."

असा राग आला मला! मोठीबाईनं पोटावर पाणी सोडायची तयारी ठेवून जुळवलेलं गाणं, त्याची अंगाई झाली? मी तिथंच बसून फाटक्या आवाजात सगळे बोल म्हटले. बाळ दचकून जागं झालं, रडायला लागलं. नात वैतागली. मी थांबले नाही. पुन्हा पहिली ओळ टाकली आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, ती झील धरेपर्यंत.