आक्काचा मिक्सर

"आक्काला फोटोत घालू या," केतनभाई म्हणाले. "भिंतीवर फोटो, फोटोला हार. रोल संपला."

केतनभाई आमच्या सिनेमाचे निर्माते. कादंबरी माझी, पटकथाही मीच लिहीत होते. अंधेरीच्या त्यांच्या ऑफिसात त्या दुपारी नरेशन चाललं होतं. नरेशन म्हणजे लेखकाने अख्खा सिनेमा निर्मात्याला वाचून दाखवायचा. आमच्या धंद्यात कागद सहसा कुणी वाचत नाही, सिनेमा कानांनीच पास होतो.

"आक्का गेली तर माझ्या कादंबरीत उरलं काय?"

"मॅडम, घर सोडून गेलेल्या मुलाचा ती दुपारभर नुसता विचार करते. विचार कॅमेऱ्यात दिसत नाही ना. ती करते काय, ते सांगा."

दिग्दर्शक निनादने सोयीस्करपणे मोबाइलमध्ये डोकं घातलं. मला राग आला आणि रडूही. आक्का म्हणजे बरीचशी माझी आईच. दादा भांडून गेला, तेव्हापासूनची.

मी निमूट पुढे वाचायला घेतलं. पडदे ओढलेले, एसीची संथ घरघर, पोटात नुकताच गेलेला वरणभात. अक्षरं पुसट होत गेली. आमचं बोरीवलीचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. उन्हाचा पट्टा ओट्यावरून सरकत होता. कधी डोळे मिटले कळलं नाही, पण मी बोलत होते.

"आक्का मिक्सरमध्ये वाटण करतेय. खाली लिफ्टचं जाळीचं दार वाजतं. एवढ्या आवाजातही तिला ते ऐकू येतं. ती मिक्सर बंद करते. लिफ्ट तिच्या मजल्यावर थांबत नाही, वर जाते. ती मिक्सर चालू करते. परत दार वाजतं. परत बंद. ऊन उतरतं, वाटण काही होत नाही."

मी डोळे उघडले, तर निनाद पटकथेची पानं उलटत होता.

"ताई, हे कुठल्या पानावर आहे?" निनाद पुटपुटला.

कुठल्याच नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. नरेशनमध्ये कागद सोडून भरकटायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. केतनभाईंनी चष्मा काढून पुसला.

"पान राहू दे रे. हार कॅन्सल."

सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा आईच्या शेजारी बसून पाहिला. दादा अजून आलेला नाही. आक्काचा मिक्सर थांबला तशी आई फणकारली, "मी कोणाची वाट बघूक नाय हां! मिक्सर तापता, म्हणान बंद करूचो लागता."

तेवढ्यात आमच्या लिफ्टचं दार वाजलं. आईने रिमोट उचलून टीव्ही म्यूट केला.

लिफ्ट वर गेली.

तेव्हापासून पटकथेत मी माणसांच्या बोलण्यावर फारशी विसंबत नाही. त्यांच्या हाताला काम देते.