हळदकुंकू लावलेला डवरा

कुठं हत्यारांची पूजा मांडलेली दिसली की मूर्तिजापूरची ती घटना आजही डोळ्यांपुढं उभी राहते. साठ सालच्या आगेमागे मी तिथं फौजदार होतो.

अकोल्याकडच्या शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी कपाशीसाठी नवा डवरा, म्हणजे बैलांनी ओढायचं कोळपं, तयार केला होता. ओळींतलं अंतर पाहून त्याची पास, म्हणजे तण कापणारी लोखंडी पट्टी, लहानमोठी करता येई. तो बनवून विकण्याचा हक्क कॉलेजनं करार करून अमरावतीच्या एका कारखानदाराला दिला. पुढं कॉलेजातून मूळ नमुनाच चोरीला गेल्याची फिर्याद झाली. तपास रेंगाळला असताना कारखानदारच माझ्याकडं खबर घेऊन आला. तसेच डवरे आमच्या बाजारात विकायला आले होते.

विकणारा जवळच्या गावचा म्हातारा लोहार. त्याची भट्टी झडतीत उलथीपालथी केली. नमुना नव्हता.

"कोणाचा पाहून केलास?"

"डोक्यातून काढला सायेब."

"डोक्यात कोणी घातला?"

"देवानं. त्याच्यावर लावा कलम."

मी हात उचलला नाही. घाबरलेला माणूस जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, म्हणजे कोणाला तरी सांभाळत होता. ठाण्यात रोजची हजेरी लावून त्याला सोडला.

मग दसरा आला. ठाण्यात बंदुकांची पूजा मांडली. हवालदार म्हणाला, "साहेब, बेडीलेही फूल वाहू का? आपलं पोट तिच्यावरच हाय."

सगळे हसले. मी मात्र उठलो. ज्या वस्तूवर पोट भरतं ती लोहार वितळवणार नाही, भंगारातही टाकणार नाही. आज ती देवापुढं असणार.

दोन पंच घेऊन त्याचं घर गाठलं. देव्हाऱ्यापुढं हातोडा, सांडशी आणि मधोमध तो डवरा. कुंकवाखाली कॉलेजचा नंबर कोरलेला.

"पूजा होऊ द्या सायेब, मंग न्या."

मी थांबलो. मग विचारलं, "कोणी दिला?"

"त्याचं नाव सांगू, तं हे पूजा कायले केली?"

त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी डवरा तयार करणारे ते प्राध्यापक स्वतः ठाण्यात आले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. प्राध्यापक दिसले की खुर्ची सोडायचो. तेव्हाही सोडली. ते बसले नाहीत.

"त्याला सोडा. नमुना मीच नेऊन दिला. कारखानदारानं हक्क घेतला आणि एकही डवरा बाजारात काढला नाही. त्याचे जुने खपत होते ना."

"सर, हा जबाब घेतला तर नोकरी जाईल."

"शेतात न गेलेल्या डवऱ्याचा पगार किती दिवस खाऊ? घ्या लिहून."

कोठडीतून लोहार बोलला, "सर, तुमी काऊन आले? मी काढले असते दोन-चार महिने."

जबाब लिहून घेतला. लोहार सुटला, पण ते डवरे विकायची त्याला मनाई झाली. कॉलेजनं फिर्याद मागं घेतली आणि सरांचा राजीनामा घेतला. नमुना कॉलेजच्या गोदामात परत गेला. नमुना कॉलेजचा आणि हक्क कारखानदाराचा, हे कायद्यानं बरोबरच होतं, आणि माझं काम कायद्याचं. पण तेव्हापासून चोरीच्या तपासात मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो. वस्तू कोणी नेली हे तर विचारायचंच. ज्याच्या हक्काची होती, त्यानं तिचं काय केलं, हेही.

पुढच्या दसऱ्याला त्या गावावरून जाताना लोहाराकडं डोकावलो. देव्हाऱ्यापुढं आता त्यानं स्वतः घडवलेला, न विकलेला डवरा होता. दोन नारळ ठेवले होते.

"एक डवऱ्याचा. दुसरा कोणाचा?"

"सरचा," तो म्हणाला.