पांढऱ्या साडीतली नवरी

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे. दुपारी बहीण-जावयांना बसवून द्यायला अकोटच्या बसस्टँडवर गेलो, तर समोर विम्याचा फ्लेक्स. त्यावर माझी बहीण! खाली ओळ: 'ते गेल्यावर हिचं कोण?'

फोटो मीच काढलेला, तिच्या लग्नात. आम्ही बौद्ध, आमची नवरी पांढरी साडी नेसते. सासरी निघताना ती रडली, तेव्हाचा. तिला विचारूनच फोटो विकायच्या साइटवर टाकला होता, 'नवरी' असं लिहून.

विमावाल्यांनी नवरदेव कापून टाकला. तिच्या खांद्यावर त्याची बोटं तेवढी उरली.

"दादा, माह्या साडीत या लोकायले विधवाच काहून दिसली?"

जावई फ्लेक्सवरची आपली बोटं पाहत राहिले.

तुम्हीच सांगा, तुम्हाला नवरी दिसायला तिनं कोणता रंग नेसायचा होता?