बाळाबुवांचा दुबईतला वैरी

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर येऊन बाळा परब कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत बसतील. बाळाबुवा म्हणा, शेंबडं पोरही घरापर्यंत आणून सोडेल. दिवसा बुवा अंधेरीला एका कुरियर कंपनीत परदेशी जाणारी पार्सलं भरतात. न्यू जर्सीला चाललेलं मेतकूट, मेलबर्नच्या कुरडया, लंडनमधल्या कोणा बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सगळं यांच्या हातून जातं. त्यामुळे आपल्याला जग ठाऊक आहे असा बुवांचा ठाम समज आहे. स्वतः ते गोव्याच्या पुढे गेलेले नाहीत, आणि गोव्यालाही कोणाच्या तरी बारशाला गेले होते.

नोकरी ही पोटासाठी. बुवांचं खरं काम भांडणाचं. आमच्या कोकणातल्या भजनात डबलबारी असते. दोन बुवा आपापली पेटी, पखवाज आणि कोरस घेऊन समोरासमोर बसतात, आळीपाळीने देवाचं नाव घेतात आणि देवाचं नाव घेता घेता एकमेकांची सालटी काढतात. एकाने टोमणा मारला की दुसऱ्याने आपल्या बारीत त्याला गाऊन उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही, की तो हरला. मी बुवांच्या कोरसात झांज वाजवतो, तेव्हा खात्रीने सांगतो, मंडपातली गर्दी देवासाठी थोडी आणि सालट्यांसाठी जास्त असते.

बाळाबुवांच्या समोर कायम एकच माणूस असायचा, भांडुपचे गुणाजीबुवा मेस्त्री. तरुणपणापासून दोघांनी एकमेकांचं नाक, आवाज, बायकोचा स्वयंपाक, गावचं घर, काही म्हणून सोडलं नाही. पोस्टरवर दोघांचे फोटो असे छापायचे की कोणत्याही क्षणी मारामारी होईल. एरवी मात्र गुणाजीबुवांच्या मुलाच्या, सुयोगच्या, लग्नात बाळाबुवा पंगतीत वाढत होते. कोणी ओळखीचं दिसलं की ताटामागे तोंड लपवायचे. वैऱ्याच्या घरी भात वाढताना दिसलं तर बारीची सुपारी कोण देणार?

मग सुयोग दुबईला नोकरीला गेला. आई वारली तसं त्याने वडिलांनाही तिकडे नेलं. आणि बाळाबुवांची वाट लागली. समोर बुवा नसेल तर बाळाबुवा म्हणजे नुसते बाळा परब. आमच्या मंडळाने दुसरे बुवा आणून बघितले. एकाने पेटीऐवजी कीबोर्ड आणला. दुसरा पोरगा गुणी होता, पण बारी सुरू व्हायच्या आधी येऊन बाळाबुवांच्या पाया पडला. पाया पडलेल्या माणसाची खेचायची कशी? बुवांनी त्या दिवशी सरळ भजन केलं. लोक अर्ध्यातून उठून वडापाव खायला गेले.

वर्षभर बुवांचं असंच चाललं. घरी कुरकुर करायला लागले, तेव्हा मालनकाकी, त्यांची बायको, मला म्हणाली, "तुका सांगतंय, ह्येंका कोणी शिव्या घालूक नाय म्हणान हे आजारी पडतले."

माघी गणपतीच्या आधी सुयोगचा फोन आला. तिकडच्या कोकणी लोकांच्या मंडळाला डबलबारी हवी होती. बाळाबुवा इथल्या हॉलमध्ये बसतील, गुणाजीबुवा तिथल्या, आणि दोन्हीकडे मोठा पडदा. एकाची बारी संपली की दुसऱ्याची, त्यामुळे ताल चुकायचाही प्रश्न नव्हता. बुवांनी लगेच जाकीट इस्त्रीला टाकलं. पण फोन ठेवता ठेवता सुयोग म्हणाला, "काका, एक रिक्वेस्ट होती. बाबांवर पर्सनल काही नको. ते हल्ली फार गप्प असतात. उगाच मनाला लागायचं."

बुवांनी फोन ठेवला. मग माझ्यावरच खेकसले, "पर्सनल नको तर काय गाऊ मी? हवामान?"

रविवारी दुपारी हॉल खचाखच भरला. पडद्यावर दुबई उघडली. गुणाजीबुवा रेशमी झब्ब्यात, पेटीसमोर. वाळले होते. मागे त्यांचा कोरस, म्हणजे सुयोगच्या ऑफिसातले चार कोकणी, एक केरळचा आणि एक फिलिपिनो. मोबाइलवर शब्द बघत सगळे मनापासून टाळ्या वाजवत होते, आणि फिलिपिनो तर इतका रंगला होता की आमचे दोन कोरसवाले ओशाळले.

पहिल्या बाऱ्या सभ्यपणे गेल्या. गुणाजीबुवांनी गणपती गायला, बाळाबुवांनी गणपती गायला. इथलं हसू तिथे उशिरा पोचायचं, त्यामुळे प्रत्येक विनोदावर दुबईकर विचार करून हसताहेत असं वाटायचं. तसे विनोदही विचार करूनच हसण्यासारखे होते. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, सत्यनारायण आहे का?"

बाळाबुवांनी माझ्याकडे बघितलं. ही नजर मला माहीत आहे. मी मान हलवून नको म्हणालो. त्यांनी पेटीचा भाता ओढला आणि लावला सूर.

"गुणाजी गेलो दुबईक, ट्रॉली ढकलीत फिरता,
सून म्हणता ‘ओके, बाबा?’, हो मान डोलवीत ऱ्हवता!"

हॉल हसून फुटला. आणि पडद्यावर गुणाजीबुवांनी खरोखरच मान डोलावली. सवयीने. ते बघून लोक आणखी हसले.

मग त्यांची बारी. गुणाजीबुवांनी पेटीवर बोटं ठेवली आणि तशीच ठेवली. आम्ही थांबलो. इथे कोणी तरी म्हणालं, नेट अडकलं. नेट अडकलं नव्हतं, मागे फिलिपिनो टाळ्या वाजवायला हात उचलून तयार बसला होता. कडेला उभा असलेला सुयोग कॅमेऱ्याकडे असा बघत होता, की मला जमिनीत जावंसं वाटलं.

आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "जिंकले! बाळाबुवा जिंकले!" नियमाने ते जिंकलेच होते. हयातभर याच क्षणाची वाट बघितली त्यांनी. मी बाजूला बघितलं तर बुवांचा चेहरा मेल्यासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी दयाही आली.

त्यांनी हात वर करून शिट्ट्या थांबवल्या. आणि पेटीवर गुणाजीबुवांची चाल धरली. ती लाडकी, मधेच उडी घेणारी चाल, जिची त्यांनी जन्मभर नक्कल करून टिंगल केली होती. गुणाजीबुवांच्या नाकातल्या आवाजात ते स्वतःलाच शिव्या घालायला लागले.

"बाळो बुवा असल्फ्याचो, गळो फुटक्या पिपाचो..."

आणि थांबले. पुढची ओळ त्यांनी सोडून दिली. पडद्याकडे बघत पुन्हा तीच ओळ म्हटली, या वेळी मुद्दाम आणखी बेसूर. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात दुबईहून कडाडून आवाज आला.

"असा नाय रे मेल्या! माजी चाल इतकी वायट कधी होती?"

गुणाजीबुवा गुडघ्यांवर उठले होते. सुनेने पुढे केलेला पाण्याचा ग्लास त्यांनी बाजूला सारला, झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि पेटी अशी दाबली की पडद्यातून धूळ उडेल.

"हयसर आयकाक येता माका, शेजार कधी झोपाचो?"

आमचाच हॉल त्यांच्यासाठी उभा राहिला. गुणाजीबुवा थांबायला तयार नव्हते. वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. बाळाबुवांचं नाक, जाकीट, टक्कल, मालनकाकीची सोलकढी, काही शिल्लक ठेवलं नाही. सुयोग पुढे येऊन आवरायला बघत होता, त्यालाही एक ओळ बसली.

शिव्यांचा पाऊस अंगावर घेत बाळाबुवा मांडी घालून बसले होते. उत्तर जुळवायची खटपट नाही, पेटीवर हात नाही. उपरण्याने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आयकलंस? बरो आसा तो."