एका ओळीत दोन पानं

भूगावच्या शंभूला लोक लग्नाला बोलवत आणि दहाव्यालाही बोलवत, पण पाहुणा म्हणून कुणी बोलवत नसे. तो पडदा चालवायचा. मुळशी तालुक्यात हल्ली भिंतीएवढ्या एलईडी पडद्याशिवाय ना अक्षता पडत, ना पिंडाला कावळा शिवत. लग्न म्हटलं की मान्यवर एकेक करून येणार, निवेदक माइकवरून त्यांची आजी-माजी पदं ओरडून सांगणार आणि त्याच क्षणी पडद्यावर त्यांचा फोटो झळकणार, वर 'सस्नेह स्वागत'. फोटो यायला जरा उशीर झाला, तर मान्यवर फेटा न बांधताच माघारी वळतात आणि यजमान पडदेवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करतो. सगळ्यांचा मान असा शंभूच्या बोटांवर, आणि शंभू स्टेजच्या कडेला, वायरींच्या गुंत्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

त्याच्या आजोबांची भातखाचरं होती. आता तिथं सोसायटी आहे. जमीन विकली तेव्हा चुलत्यांनी शहाणपणा करून खोल्या बांधल्या, वडिलांनी दिलदारपणे सगळं उडवलं आणि मग दिलदारपणेच मरून गेले. शंभूला उरली आई लीलाबाई, भाड्यानं द्यायला एक खोली आणि पस्तिशीला टेकलेलं वय. जमीन नाही, नोकरी नाही, आणि 'पडदा चालवतो' हे सांगितल्यावर मुलीचे मामा एकमेकांकडे बघून मिशीत हसायचे. पोहे खाऊन तो घरी पोचायच्या आत नकाराचा फोन आलेला असायचा.

त्या खोलीत सौरभ नावाचा अकोल्याचा भाडेकरू राहायचा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा. शंभूचा जुना लॅपटॉप ऐन सत्काराच्या वेळी गोठायचा. एकदा तर एका माजी उपसभापतींच्या नाकावर माऊसचा बाण बराच वेळ बसून राहिला होता, आणि ते प्रकरण हातघाईवर आलं होतं. सौरभला कीव आली. त्यानं लॅपटॉप पुसून लिनक्स टाकलं आणि पीडीएफ दाखवणारा एक बारकासा व्ह्यूअर दिला. त्याला ना बटणं, ना मेनू. काळी खिडकी उघडायची, व्ह्यूअरचं नाव टाइप करायचं, पुढं पानाचा नंबर, पुढं फाइलचं नाव आणि एंटर. चालू झाल्यावर दुसरं पान हवं असेल तर नुसता नंबर दाबून इंग्रजी 'जी' दाबायचा. बाकी सगळा हुकूम एका सेटिंगच्या फाइलीत साध्या ओळींत लिहून ठेवायचा. बाण लपव. खालची पट्टी काढ. कडेनं काळं ठेव. एका ओळीत एक पान.

सौरभ पुढं नोकरी बदलून निघून गेला, पण शंभूचं पडद्यावरचं काम एकदाचं सुरळीत झालं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पाहून पोरं म्हणायची, शंभूदादा हॅकिंग करतोय. त्याला ते फार आवडायचं. आयुष्यात त्याच्याबद्दल आवडण्यासारखं दुसरं कुणी काही म्हटलंच नव्हतं.

त्याची एकच मोठी फाइल होती. पहिली दोन पानं नवरा-नवरीची, ती दर लग्नाला बदलायची. तिसऱ्यापासून मान्यवर, मानाच्या उतरत्या क्रमानं. त्यातला कुणी गेला की त्याच पानावरचं 'सस्नेह स्वागत' खोडायचं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायचं. फोटो तोच, फेटा तोच, हसूही तेच. शंभूला यात काही वावगं वाटत नसे, आणि लोकांनाही नाही. उलट घरची माणसं म्हणायची, आजोबांचा तो पिवळ्या फेट्यातलाच लावा, त्यात चांगले दिसतात.

तिसरं पान होतं माजी सरपंच विठ्ठलरावांचं. गेल्या पावसाळ्यात ते दवाखान्यात नळ्या लावून पडले होते. तेव्हा त्यांचा थोरला मुलगा रोहिदास शंभूकडे आला. जमिनीचे सौदे जमवणारा माणूस, बोटांत अंगठ्या. म्हणाला, "आबांचं काय खरं न्हाई. पान तयार करून ठेव. मागनं धावपळ नको." मजकूर त्यानं स्वतः उभा राहून सांगितला. खाली 'शोकाकुल' म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं घातली, दीड वर्षाच्या नातवाचंसुद्धा. फक्त धाकट्या भावाचं नाव वगळलं, कारण त्याच्याशी वाटणीवरून कोर्टकज्जा चालू होता. तारखेची जागा तेवढी रिकामी सोडली. शंभूनं ते पान सापडायला सोपं म्हणून तिसऱ्याच्या लगेच मागं, चौथं म्हणून घातलं.

म्हातारा मेला नाही. चाकाच्या खुर्चीत बसून घरी आला, आणि पहिल्यापेक्षा जास्त खेकसू लागला. शंभूनं रोहिदासला विचारलं, ते पान काढू का? रोहिदास म्हणाला, "असू दे की. कधी ना कधी लागंलच." मग शंभू तिसऱ्यावरून सरळ पाचव्यावर जायला लागला. बोटांना त्याची सवय झाली आणि सवयीनं चौथं पान डोक्यातून पार गेलं.

त्याच विठ्ठलरावांनी पुढं शंभूचं स्थळ जमवलं. मुळशी धरणाकडचे गेणबा त्यांच्या जुन्या ओळखीतले. त्यांची मुलगी रेश्मा पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला जायची. शंभू तिला एकदाच भेटला होता. तिनं विचारलं, पडद्याचं काम नक्की कसं करता? आणि त्यानं सांगितलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं, मिशीत हसणाऱ्या मामांसारखं नव्हे, नीट. त्या दिवसापासून शंभू आरशात बघायला लागला होता. विठ्ठलरावांनी गेणबांना शब्द टाकला, "आमच्या दिशाच्या लग्नाला या. पोरगं काम करताना बघा, तितंच सुपारी फोडू." दिशा म्हणजे रोहिदासची मुलगी. तेव्हा त्या लग्नात नवरीपेक्षा जास्त जीव जर कुणाचा टांगणीला लागला असेल, तर तो शंभूचा. लीलाबाई नवी साडी नेसून बायकांच्या पुढच्या रांगेत येऊन बसली होती.

लॉनवर पडदा नेहमीच्या दुप्पट रुंद होता, कारण रोहिदासला व्याह्यांना दिपवायचं होतं. एक पान लावलं तर दोन्ही बाजूंना काळं दिसायचं. रोहिदास कडाडला, "अर्धा पडदा काळा ठेवलास? लग्न हाय का सुतक?" शंभूनं घाईघाईनं सेटिंगची फाइल उघडली आणि 'एका ओळीत एक पान' होतं तिथं दोन केलं. व्ह्यूअर पुन्हा चालू केला. पहिलं पान नवरदेव, दुसरं नवरी, शेजारी-शेजारी, पडदा कडेपर्यंत भरला. रोहिदासनं मान डोलावली. पुढची पानं बघायला शंभूला सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात सनई थांबली आणि निवेदकानं आवाज चढवला.

"आणि आता आपल्या सर्वांचे आधारवड, माजी सरपंच, आदरणीय विठ्ठलराव आबा यांचं आगमन होत आहे!"

शंभूनं तीन दाबला आणि जी दाबला.

डावीकडं पिवळ्या फेट्यातले विठ्ठलराव, सस्नेह स्वागत. उजवीकडं पिवळ्या फेट्यातलेच विठ्ठलराव, भावपूर्ण श्रद्धांजली. दिनांक, पुढं मोकळी जागा. खाली शोकाकुल रोहिदास आणि परिवार. आणि दोन्हींच्या मधोमध, चाकाच्या खुर्चीत, मान वर करून वाचत असलेले खरे विठ्ठलराव.

टाळ्या वाजायला सुरुवात झाली होती, ती मध्येच तुटली. मग मागच्या खुर्च्यांतून एक हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग मोबाइल वर झाले. कोर्टात भांडत असूनही पुतणीच्या लग्नाला आलेला रोहिदासचा धाकटा भाऊ मोठ्यानं म्हणाला, "माझं नाव न्हाई यात! बरं झालं, मी जित्या बापाचं सुतक धरलं न्हाई." शंभूची बोटं लाकडासारखी झाली. नुसता पाच दाबला असता तरी भागलं असतं. त्यानं सगळा व्ह्यूअरच बंद केला, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याची ती काळी खिडकी रिकामी पसरली.

रोहिदासनं स्टेजवरून उडी मारली आणि शंभूच्या कानाखाली अशी वाजवली की निवेदकाच्या माइकमधून ती सगळ्या लॉनला ऐकू गेली. गचांडी धरून त्यानं तोंड कानाशी आणलं. "माझं नाव घेतलंस तर रेश्माला इसर. गप ऱ्हा, मी जमवतो तुझं."

तिकडून विठ्ठलरावांचा खरखरीत आवाज आला. "कुणी करायला सांगितलं रं हे?"

लॉनवर एकालाही उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. धाकट्याचं नाव वगळून शोक करणारा माणूस त्या घरात एकच होता, आणि विठ्ठलरावांनी त्याला जन्म दिला होता. पण नातीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, पोराचं नाव त्यांनाही ऐकायचं नव्हतं. शंभूनं पहिल्या रांगेत बघितलं. गेणबा बसले होते. नुकताच बांधलेला फेटा, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट शंभूवर.

"माझीच चूक झाली, आबा," शंभू म्हणाला.

विठ्ठलरावांनी मुलाकडं पाहिलं, मग शंभूकडं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण लगेच त्यांना जोर चढला. "धर कान. काढ उठाबशा. जित्या माणसाला जाळतोस व्हय रं?"

आणि पस्तिशीचा तो गडी, इस्त्रीचा शर्ट घालून, कान धरून, सगळ्या लॉनसमोर उठाबशा काढू लागला. नवरदेवाचे मित्र एका सुरात मोजत होते. निवेदकानं मध्ये एक विनोदही केला. शिसारी यावी असं ते सगळं होतं, आणि कुणालाच आली नाही. कुणाचं जेवण त्यावरून कमी गेलं नाही. विठ्ठलरावांचं मन भरल्यावर ते म्हणाले, "बास. बस आता जाग्यावर आन् चालव नीट." कारण ती काळी खिडकी चालवणारा दुसरा कुणी तिथं नव्हता.

शंभू बसला. सेटिंगच्या फाइलीत दोनचा पुन्हा एक केला. गाल सुजला होता, मांड्या भरून आल्या होत्या, पण नंबर बरोबर पडत होते. पाच, सहा, सात. निवेदक नावं घेत राहिला, शंभू माणसं दाखवत राहिला. आणि खरं सांगायचं तर मनातून तो थोडा खूशही होता. मार खाल्ला, पण शब्द मिळाला. रोहिदास जमवणार होता.

अक्षता पडल्या आणि माणसं ताटांकडं धावली, तेव्हा गेणबा त्याच्याजवळ आले. फेटा काढून त्यांनी हातात धरला होता.

"कुणी सांगितलं होतं, शंभू?"

शंभूनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं, "रोहिदासशेठनं."

"मला ठाव हाय. समद्यांना ठाव हाय. मग मगाशी का न्हाई बोललास?"

"तुमच्यासाठी, मामा. रेश्मासाठी. ते म्हणले, बोललास तर मोडतो."

गेणबांनी हातातला फेटा घट्ट गुंडाळला. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर त्यांचं पुढचं बोलणं शंभूला जास्त लागलं.

"मंजी पोरगी मिळावी म्हनून तू मुस्काटात खाल्लीस. उठाबशा बी काढल्यास. उद्या पोरगी घरात आल्यावर हाच रोहिदास तिला दारात येऊन काय बोलला, तर तवा बी तू कानच धरशील."

"न्हाई मामा, तसं न्हाई..."

"तू बोलला असतास ना, तर म्हाताऱ्यानं स्थळ मोडलं असतं, आन् मी त्याच्या तोंडावर पोरगी तुला दिली असती." गेणबांनी फेटा शंभूच्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवला. "पोरगी सकाळधरनं फोनवर इचारतीया, बाबा, कवा येताय. आता काय सांगू तिला?"

ते न जेवता फाटकाकडं चालू लागले. शंभू उठून मागं धावला असता, पण निवेदकानं हाक मारली. उशिरा आलेल्या कुणा संचालकांचं स्वागत राहिलं होतं आणि ते रुसून उभे होते. शंभूनं नंबर दाबला. संचालक पडद्यावर आले, हसले, आणि खाली उभे असलेलेही हसले.

थोड्या वेळानं लीलाबाई ताट घेऊन आली. मुलासाठी तिनं बुंदी मागून जास्त घेतली होती. सुजलेल्या गालावरून तिनं पदराचं टोक फिरवलं, पण तोंडावर तिच्या दुःख नव्हतं.

"मामा बोलून गेले न्हवं तुझ्याशी? मी लांबनं बघितलं," ती म्हणाली. "तू उलटून एक शबुद बोलला न्हाईस, लई झ्याक केलंस. मी समद्या बायकांना त्येच सांगत व्हते. म्हटलं, बघितलं न्हवं पाव्हण्यांनी, माजं पोरगं किती गरीब हाय. असा जावई शोधून घावायचा न्हाई. काय म्हणले मामा?"

"जेव आधी," शंभू म्हणाला.

"मी जेवले. काय म्हणले, सांग की."

शंभूनं बुंदीचा घास तोंडात घातला, आणि तो गिळेपर्यंत त्याला बोलावं लागणार नव्हतं.