आईच्या लुगड्याआड

सर्व देहांत वसणाऱ्या जगन्मातेला वंदन करून, आज ललितापंचमीच्या सकाळी, यंदाच्या घटस्थापनेला तिच्याच दारात घडलेले लिहिते.

माझ्या छातीवर मालनवहिनींचा हात होता. देवळाच्या सभामंडपात, गावच्या बायांसमोर. त्यांनी चोळीची डावी बाजू दाबली, पुन्हा दाबली. आत खोचलेली कापसाची गुंडाळी फरशीवर पडली.

"आगं बया! काकूंच्या हितं तर निस्त्या चिंद्या हायत!"

कोणीतरी हसले.

तळेगावच्या दवाखान्यात माझा डावा स्तन काढला, त्याला वर्ष होत आले. मी कोणाला सांगितले नव्हते. मालनवहिनींच्या भाचीने मला तिथे पाहिले आणि बातमी वलवण धरणापलीकडच्या आमच्या गावी पोचली. ग्रामदेवीला लुगडे नेसवण्याचा मान आमच्या घरच्या सुनेचा. पडदा ओढून, एकटीने. सासूबाईंनी तो सोपवताना बजावले होते, "आत दिसंल ते आतच ऱ्हाऊ दे, पोरी."

देवस्थानचे अध्यक्ष, मालनवहिनींचे सासरे, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, ते अगदी शांतपणे बोलले.

"काकू, तुमी संस्कृत शिकवलेल्या बाई. तुमाला काय सांगायचं? मूर्तीला तडा गेला की आपण ती धरणात सोडतो. खंडित अंग आत चालायचं न्हाई."

धरणात. ती भीती आधीपासून माझ्यातच होती. खंडित मूर्ती पूजेस अयोग्य, हे मीही वाचले होते, श्रद्धेने मानले होते. शस्त्रक्रियेनंतर प्रथम गाभाऱ्यात गेले, तेव्हा वाटले, माझा हात लागताच आई दुभंगेल. दुभंगली नाही. तरी प्रत्येक वेळी वाकताना जीव मुठीत असे.

"मालन, तू जा आत."

पडदा ओढला गेला. बांगड्या वाजल्या. मग किंकाळी.

"काकू! आई कुटं गेली? हितं निस्ता धोंडा हाय वो!"

वहिनी बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. तळहात शेंदराने माखलेले. "हात न्हाईत, पाय न्हाईत, छाती बी न्हाई. लुगडं सोडलं आन् समदं गळून पडलं."

आमची देवी तांदळा आहे. अवयव नसलेली शिळा. वर पितळी मुखवटा, खाली कापसाच्या गुंडाळ्या. खांदे, कंबर, वक्ष मीच रचीत असे. ज्या भरल्या अंगापुढे गाव हात जोडी, ते माझ्या हातचे होते. हे जाणूनही मी माझ्याच देहाला भ्याले. कापूस आईला कधीच लागत नव्हता. तो बघणाऱ्यांना लागत होता.

मी पुढे झाले. आबा उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"काकू, थांबा म्हन्तो ना!"

मी म्हणाले, "आबा, मग आता धरणात कोणाला सोडायचं, तेही सांगा."

त्यांनी बायांकडे पाहिले. बायांपैकी कोणी हसत नव्हते. ते बाजूला झाले.

मी आईला नेसवले. बाहेर आले, तेव्हा माझ्या चोळीची डावी बाजू रिकामी होती. पदर मी ओढून घेतला नाही.

त्या दिवसापासून दार वाजले की दचकते. मान काढून घेण्याची बोलणी चालू आहेत. जाताना वाटेवर कोणी बोलत नाही. मी भिते, हे लपवीत नाही. पण रोज जाते, आणि जाणार. त्या उंबऱ्यावर पुन्हा कोणा बाईच्या चोळीला हात लागला, तर पडदा मी माझ्या हातांनी फाडीन. मग आई जशी आहे तशी साऱ्या गावाने बघावी.

वाचकहो, आपल्या घरच्या लेकीसुनांचे देह जसे असतील तसे निर्भय राहोत. आणि त्यांना चाचपायला उठणारा हात आपल्याच घरातला असेल, तर तो अडवण्याचे बळ जगदंबा आपल्याला देवो.